तारेचा तिटकारा कशासाठी?

घरातील संगीताचे स्पीकर तारेने जोडावेत की तारा काढून ते बिनतारी करावेत, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु वडिलांनी किंवा आजोबांनी हौसेने घेतलेली स्टिरिओची चांगली जोडी केवळ ‘तारा दिसतात’ एवढ्याच कारणावरून माळ्यावर जाऊन पडते, तेव्हा या प्रश्नाचा सावकाश विचार करावा असे आम्हांस वाटते.

प्रथम बिनतारी पक्षाचे म्हणणे न्यायाने मांडू. तार पायांत अडकते आणि केर काढताना आड येते. गोव्यात व बेळगावकडे चिऱ्याच्या जाड भिंतींची जुनी घरे पुष्कळ आहेत. त्या भिंतींना भोक पाडणे सोपे नव्हे. भाड्याच्या घरात तर भोक पाडण्याची परवानगीच मिळत नाही. शिवाय बिनतारी विद्या काही परकी नव्हे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात विद्युत्-लहरी भिंतीपलीकडे धाडून तेथील घंटा वाजवून दाखविली होती. त्या विद्येविषयी आमच्या मनात आदरच आहे.

तथापि ‘बिनतारी’ या शब्दाने आपली थोडी फसगत होते. साधा स्पीकर स्वतःच्या बळावर वाजत नाही. अँप्लिफायरने पुरविलेल्या विद्युत्-शक्तीवर त्याचा पडदा हलतो. हवेतून येणारी लहर गाण्याचा संदेश आणते, पडदा हलविण्याचे बळ आणीत नाही. म्हणून जुना स्पीकर बिनतारी करावयाचा झाला, तर त्याच्याजवळ लहर पकडणारे यंत्र, एक लहान अँप्लिफायर आणि त्या दोहोंना वीज देणारा अ‍ॅडॉप्टर एवढे साहित्य ठेवावे लागते. स्पीकर दोन असतील आणि ते दूरदूर असतील, तर हा सारा संसार दोन ठिकाणी! म्हणजे कमी व्होल्टची निरुपद्रवी तार गेली आणि तिच्या जागी २३० व्होल्टच्या प्लगाची तार आली. तार गेली असे म्हणण्यापेक्षा तिने जागा बदलली असेच म्हणणे खरे.

दुसरा मुद्दा वेळेचा. अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली ज्या स्टिरिओ पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला, तिचे मर्म आपल्या दोन कानांत आहे. एका बाजूने आलेला आवाज दोन्ही कानांवर एकाच क्षणी पोहोचत नाही. त्यांतील अंतर सेकंदाच्या एक सहस्रांशाहूनही कमी असते, तरी त्यावरून दिशा कळते. दोन स्पीकरांना दोन स्वतंत्र बिनतारी यंत्रे लावली आणि त्यांच्यात किंचितही मागेपुढे झाले, तर गायक मध्ये व तबला बाजूला हा सारा देखावा विसकटतो. जोडीनेच चालण्यासाठी बनविलेले संच ही वेळ सांभाळतात, हे खरे. पण ते अधिक महाग पडतात. ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाच्या एक दशांशाने किंवा त्याहूनही उशिरा येणे ही तर नेहमीची गोष्ट. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे ३४ मीटर जातो. म्हणूनच चित्रपट पाहताना कित्येकदा ओठ आधी हलतात व शब्द मागाहून येतात.

आता तारेची बाजू पाहू. १० मीटर अंतरासाठी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी जोडतार घेतली, तर जाण्यायेण्याच्या दोन्ही तारांचा मिळून रोध सुमारे ०.२३ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो तीन टक्क्यांहूनही कमी आहे. तेव्हा सोन्याच्या भावाची तार घेण्याचे कारण नाही. ती दाराच्या चौकटीच्या कडेने, केसिंग पट्टीतून नेली म्हणजे डोळ्यांत खुपत नाही. अँप्लिफायर बंद करून, लाल टोक लालाला आणि काळे काळ्याला जोडावे. एका स्पीकरचे उलटे झाले तर खर्जाचे स्वर क्षीण होतात. उघड्या तारा एकमेकींना लागू देऊ नयेत. वडीलधाऱ्यांच्या देखत आठवी-नववीचा विद्यार्थी हे काम सहज करू शकेल, आणि ते बिघडले तर कोठे बिघडले हेही त्याला कळेल.

आमचा निर्णय असा : अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये तार राहू द्यावी, मात्र अँप्लिफायरला बिनतारी संदेश घेणारे एकच लहान यंत्र जोडावे. फोनमधील गाणे हवेतून त्यापर्यंत येईल आणि पुढचे काम तार करील. ओठ व शब्द यांचा मेळ हवा असेल तेव्हा दूरचित्रवाणी संचही तारेनेच जोडावा. जेथे तार नेणे खरोखरच अशक्य, त्या खोलीपुरता पूर्ण बिनतारी स्पीकर खुशाल घ्यावा.

विद्यार्थीमित्रहो, नवे साधन घरात आणण्यापूर्वी ते कोणती अडचण नेते आणि तिच्या जागी कोणती आणून ठेवते, हे दोन्ही प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या. या सुटीत माळ्यावरची ती जोडी खाली उतरवा, धूळ झटका, चार हात तार आणा आणि वडिलांना त्यांच्या आवडीची एखादी जुनी चीज ऐकवा. टाकून देण्याचा विचार त्यानंतर करावा.