फुकटच्या सेवेचे मोल

गूगलवर शोध घेताना वा यू ट्यूबवर कीर्तन ऐकताना सहसा कुणी पैसे मोजत नाही. तरीही गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिच्या २०२४ सालच्या सुमारे ३५० अब्ज डॉलर उत्पन्नापैकी जवळपास २६५ अब्ज डॉलर जाहिरातींतून आले. वृत्तपत्रातील जाहिरात सर्वांना सारखीच दिसते. येथे ती माणूस पाहून लावली जाते. गृहकर्जाची चौकशी करणाऱ्यासमोर कोणत्या बँकेने उभे राहायचे, याचा लिलाव पान उघडता उघडता उरकतो आणि जाहिरातीवर टिचकी पडली की बँकेकडून पैसे वसूल होतात. ग्राहकाची निकड जितकी नेमकी ठाऊक, तितकी बोली चढी.

मजकूर मात्र दुसऱ्याचा. यू ट्यूब नेहमीच्या चित्रफितींवरील जाहिरात-उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा निर्मात्यास देते, हे मान्य केले पाहिजे. बातमीच्या नशिबी तेही नाही. वार्ताहराचा पगार वृत्तपत्राने द्यायचा आणि वाचकाने शोधयंत्रावरच मथळा वाचून परतायचे! ऑस्ट्रेलियाने २०२१ साली कायदा केला, तेव्हा गूगलला तेथील वृत्तपत्रांशी मोबदल्याचे करार करावे लागले. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर २०१६ साली बसविलेले ६ टक्क्यांचे समकरण शुल्क तर १ एप्रिल २०२५ पासून, अमेरिकी आयातशुल्काचे सावट असताना, रद्दच झाले. शुल्क सोडले ते सोडले. निदान मराठीसह सर्व भारतीय भाषांतील वृत्तपत्रांना मोबदला मिळवून देणारा कायदा तरी संसदेने करावयास हवा.