युद्धनौकेची निगा कोण राखणार?

विक्रांत भंगारात निघाली तेव्हा मराठीत शोकाला तोटा नव्हता. अग्रलेख आले, कविता आल्या, आमच्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रिकेचा एक अंकही निघाला. त्यात आमचा लेख होता. परवा तो पुन्हा हाती आला आणि वाचवेना. शौर्य, अस्मिता, वारसा हे शब्द त्यात पानोपानी आहेत. गंज हा शब्द एकदाही नाही.

वस्तुस्थिती थोडक्यात अशी. 1961 साली नौदलात दाखल झालेली आणि 1971 च्या युद्धात बंगालच्या उपसागरात जिच्या विमानांनी चितगाव व कॉक्सबझारवर हल्ले केले ती ही नौका 31 जानेवारी 1997 रोजी निवृत्त झाली. 2001 पासून मुंबईत ती संग्रहालय म्हणून पाहता येत असे. 2012 मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ते बंद झाले. जतन करणे परवडणारे नाही, असे राज्य शासनाने सांगितले. 2014 च्या आरंभी लिलावात सुमारे 60 कोटींना ती विकली गेली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि त्या वर्षाअखेरीस दारुखान्यात तिच्यावर गॅसकटर चालू लागले. त्या धातूचा अंश असलेली मोटारसायकल 2016 मध्ये बाजारात आली, तेव्हा आमच्यातल्या काहींना गहिवरूनही आले!

शासनाला दोष द्यायलाच हवा आणि तो आम्ही देतो. पण त्या अकरा वर्षांत आम्ही काय केले? विद्यार्थ्यांच्या तीन तुकड्या घेऊन गेलो. रांगेत उभे राहिलो, छायाचित्रे काढली, येताना वडापाव खाल्ला. खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या पोलादाचे रोज काय होते, तळात साचलेले पाणी कोण उपसते, रंगाचा पापुद्रा सुटला तर कोण खरवडते, हे विचारावे असे कोणाच्याही मनात आले नाही. वास्तविक आम्ही भिवंडीचे. मागाला रोज तेल मिळाले नाही तर काय होते हे इथला कोणताही जॉबर सांगेल, आणि यंत्रमाग किलोच्या भावाने विकले जाताना आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत.

आमचा आक्षेप मराठीच्या अध्यापनावरही आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आपण पदव्युत्तर वर्गाला शिकवतो. राजनीती, भाषेचा डौल, यांवर प्रश्न काढतो. त्याच ग्रंथात आरमाराची पावसाळी छावणी कोठे व कशी करावी, जहाजांसाठी लाकूड कोणते तोडावे, रयतेची फळझाडे बळाने का तोडू नयेत, याचा बारकाईने विचार आहे. म्हणजे निगेचे गद्य मराठीत तीनशे वर्षांपूर्वी होते. आपण ते ‘परीक्षेला नाही’ म्हणून ओलांडतो, आणि मग विद्यार्थ्याकडून निबंध येतो तो तलवारींच्या खणखणाटाचा.

दूरचे एक उदाहरण घेऊ. 1817 साली मुंबईच्या गोदीत वाडियांच्या कारागिरांनी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश युद्धनौका आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. तिच्या नाळेवर पागोटे घातलेल्या हिंदी माणसाचे शिर कोरलेले आहे. दहा वर्षांहून अधिक चाललेली तिची दुरुस्ती 2001 च्या सुमारास पुरी झाली. अगदी त्याच काळात आम्ही विक्रांतवर छायाचित्रे काढीत होतो. अमेरिकेत सॅन दिएगो येथे ‘मिडवे’ ही विमानवाहू नौका 2004 पासून संग्रहालय आहे. तेथे निवृत्त नाविकांपासून गावातल्या सामान्य माणसांपर्यंत शेकडो स्वयंसेवक राबतात. जुनी विमाने घासतात, रंगवतात, पाहुण्यांना हिंडवतात.

हे सारे आज उगाळण्याचे कारण खाडीपलीकडे आहे. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि त्यानंतर दुर्गाडीच्या परिसरात आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली, हे आपण भाषणांतून नेहमी सांगतो. त्याच दुर्गाडीला नौदलातून 2021 मध्ये निवृत्त झालेली टी-80 ही छोटी वेगवान नौका 2023 मध्ये आणली गेली. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली, 1998 साली दाखल झालेली. विक्रांतपुढे ती होडीच म्हणायची. पण खारा वारा लहानमोठे पाहत नाही; चार पावसाळे डेकवर पाणी तुंबले की पुरे.

यावर एक आक्षेप आम्हांला गंभीर वाटतो. स्वयंसेवेच्या नावाखाली फुकटचे श्रम घेतले की कामगाराच्या पोटावर पाय येतो आणि शासन हात झटकते, असे आमचेच एक सहकारी म्हणतात. खरे आहे. वेल्डिंग, वीजजोडणी, उंचावरचे रंगकाम ही कुशल कामे आहेत. ती दाम मोजूनच करून घ्यावीत, आणि विद्यार्थ्यांना तेथे चढवूही नये. पण कंत्राटात एक गोष्ट बसत नाही, ती म्हणजे नित्याचे लक्ष. मागच्या रविवारी नव्हता तो फुगारा आज दिसतो आहे, हे कळण्यासाठी तेच तेच डोळे पुन्हा पुन्हा तेथे जावे लागतात.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ब्रश का धरावा, हा दुसरा आक्षेप. राष्ट्रीय सेवा योजनेत प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षाला 120 तास द्यावे लागतात. त्यातले किती फेरी काढण्यात आणि फलक धरण्यात जातात हे आम्ही जाणतो, कारण त्या तासांवर सह्या आम्हीच करतो. निम्मे जरी वळवले तरी बारा मुलांचे 720 तास होतात.

म्हणून आमच्या विभागापुरते आम्ही ठरवले आहे. रीतसर परवानगी मागायची. बारा विद्यार्थी, महिन्यातले दोन रविवार. सुरुवातीला झाडणे, साचलेले पाणी काढणे, पक्ष्यांची घाण धुणे, एवढेच. शिकवायला निवृत्त नौसैनिक शोधायचा. कल्याण-भिवंडी परिसरात तो सापडावा. आणि एक नोंदवही ठेवायची: तारीख, हवामान, कोठे रंग सुटला, कोणता बोल्ट ढिला, कोणाला कळवले, कधी दुरुस्त झाले. वही मराठीत राहील. आज्ञापत्रातले आरमाराचे प्रकरण यंदा वर्गात सांगण्याआधी मुलांनी तिची पहिली दहा पाने भरलेली असावीत, असा आमचा हट्ट आहे.