सही सोडून काय?

बी. ए.च्या मुलांना संशोधन झेपत नाही, असं म्हणणाऱ्या प्राध्यापकांचा मला मनापासून राग येतो. मंडळी, झेपत नाही ते त्यांना मार्गदर्शन!

आमच्या दहिसरच्या इमारतीत कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी एस. वाय. बी. ए.ला आहे. समाजशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी तिने विषय घेतला होता घरकाम करणाऱ्या बायकांचा. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. गणपत पाटील नगरातल्या आपल्या गल्लीत किती जणींनी मंडळाकडे नाव नोंदवलंय, नसेल तर का, एवढंच तिला विचारायचं होतं. किती नेमका प्रश्न! मार्गदर्शकांनी काय सांगावं? "गल्लीबिल्ली नको, गूगल फॉर्म कर, पन्नास उत्तरं आण." ज्यांना अक्षरओळख नाही त्या बायका फॉर्म कशा भरणार? शेवटी वर्गातल्या मैत्रिणीच 'घरकामगार' झाल्या, रंगीत पाय चार्ट निघाले आणि सरांची सही झाली. (सही मात्र अगदी वेळेवर हं!) खोटं कसं रचावं याचे क्रेडिट मिळाले पोरीला.

मुलांकडून होतं की नाही ते बघा. 1916 साली मद्रास विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक गिल्बर्ट स्लेटर यांनी विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन आपापल्या गावी पाठवलं. जमीन कुणाची, कर्ज किती, मजुरी काय... त्या पाहण्यांचं पुस्तक 1918 साली निघालं, आणि 1930च्या दशकात इतर अभ्यासकांनी तीच गावं पुन्हा पाहिली. त्याच 1916 च्या मे महिन्यात पंचविशीतल्या बाबासाहेबांनी कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातीवरचा निबंध वाचला. ते तेव्हा बी. ए.च्या पुढे गेले होते, मान्य. पण निबंध विद्यार्थ्याचाच होता ना?

माझा भाचा प्राध्यापक आहे. तो म्हणतो, "मामा, तासिका तत्त्वावर राबणाऱ्याने पन्नास मुलांकडे कसं बघायचं?" खरं आहे. मग पाच-पाच जणांचे गट करा, गल्ल्या वाटून द्या, एका रविवारी स्वतः बरोबर चाला. तेवढंही नको असतं.

त्यात यूजीसीचा 2022 चा आराखडा म्हणतो, पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्यांनाच चौथ्या वर्षी संशोधन. म्हणजे जिला गल्ली तोंडपाठ आहे ती टक्क्यांत अडकणार, आणि जो कधी गल्लीत शिरलाच नाही तो संशोधक होणार. वा रे न्याय!

असो. भाच्यासकट इथे वाचणाऱ्या सगळ्या प्राध्यापकांना एवढंच विचारतो: गेल्या वर्षीचे प्रोजेक्ट कपाटातून काढा. किती पानांवर तुमच्या पेनाची एक तरी खूण आहे? सही सोडून.