सुटेल हो आपोआप!

सातारा काय नि सांगली काय, अंगठा चोखणाऱ्या पोराला दवाखान्यात नेलं की उत्तर बहुधा ठरलेलं, "सुटेल हो आपोआप!" दोन वर्षांच्या पोराबाबत अगदी खरं. बहुतेकांची सवय दोन ते चार या वयात सुटतेच. पण पाचव्या वर्षीही तेच उत्तर? सहाव्या वर्षाच्या सुमाराला कायमचे दात यायला लागतात. तोवर अंगठा तोंडातच असला तर वरचे दात पुढे येतात. मग घरी बोटाला कडुनिंब, वर चापट. पोर रडतं, अंगठा काही सुटत नाही. अहो डॉक्टर, पाचव्या वर्षीच्या बूस्टरला दंडावर सुई टोचताना तोंडही उघडून बघा की! गरज वाटली तर कराडच्या, सांगलीच्या डेंटल कॉलेजात पाठवा. दोन मिनिटांचं काम!