बाईंना शिकायला रजा कोण देणार?

विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी पुढे शिकावे, असे तोंडाने सगळेच म्हणतात. संस्थाचालक म्हणतात, अधिकारी म्हणतात, शिक्षकदिनाच्या भाषणात पुढारीही म्हणतात. प्रश्न रजेचा, फीचा आणि घरच्या स्वयंपाकाचा निघाला की मात्र सगळे गप्प बसतात. सोलापूर जिल्ह्यातल्या आपल्या गटांनी हा प्रश्न शिक्षक संघटनांवर सोपवून मोकळे होऊ नये. तो आपला, बायकांचा प्रश्न आहे.

का, ते सांगते. दहावीच्या विज्ञानात पुनरुत्पादनाचा धडा आहे. मुलगा होणार की मुलगी, हे पुरुषाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. विडी वळणाऱ्या बाईच्या मुलीला ही गोष्ट नीट कळली, तर तिसऱ्या मुलीनंतर आईला खावी लागणारी बोलणी ती निमूट ऐकून घेणार नाही. गर्भलिंगचाचणीविरुद्ध लढून आपण १९८८ साली महाराष्ट्रात कायदा करून घेतला. देशाचा कायदा १९९४ साली झाला. पण कायदा दवाखान्यावर नजर ठेवतो, घरातला समज तो बदलू शकत नाही. ते काम वर्गात व्हायला हवे, आणि वर्गात हा धडा अनेकदा ‘घरी वाचून या’ म्हणून उरकला जातो. बाई लाजतात, एवढेच त्याचे कारण नाही. रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या बाईंना शाळेत जीवशास्त्रही शिकवावे लागते आणि भौतिकशास्त्रही. मुलींनी प्रश्न विचारले तर उत्तर कसे द्यायचे, प्रयोगशाळेच्या नावाने एकच कपाट असेल तर प्रयोग कसा करून दाखवायचा, हे त्यांना कुणी शिकवलेले नसते.

कागदावर सोयी पुष्कळ आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतरच्या वाढीव वेतनश्रेणीसाठी प्रशिक्षणाची अट आहे. शासकीय रजा नियमांत अभ्यासरजा आहे. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, आणि २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाल्यामुळे कोल्हापूरकडे बघायची गरजही उरली नाही.

मग अडते कुठे? वेतनश्रेणीसाठीचे प्रशिक्षण हे प्रमाणपत्रासाठीच होते. ते मोबाईलवर आले की बाईंनी ते रात्री भांडी आवरल्यावर बघायचे. मुक्कामी असले, तर लहान मूल कुणाकडे ठेवायचे? करमाळा किंवा सांगोल्याहून रोज सोलापूरला जाऊन येणे झेपणारे नाही. नवी लागलेली बाई पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर असते. माध्यमिक शाळेत २०२३ च्या वाढीनंतर ते दरमहा १८ हजार झाले. त्यातून एम.एस्सी.ची फी भरायची, की घरभाडे द्यायचे? नवऱ्याने एम.एड. करायचे ठरवले तर घर त्याला अभ्यासाला खोली मोकळी करून देते. बायकोने ठरवले तर ‘नोकरी आहे ना, आता कशाला?’ असे विचारते.

आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे प्राथमिक शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुढे अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या रजेचा प्रश्न वर्तमानपत्रांत गाजला. तत्कालीन शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी लक्ष घातल्यावर वाट मोकळी झाली. त्या वादात कोण बरोबर, कोण चूक, यात मी शिरत नाही. पण जगात नाव झालेल्या पुरुष शिक्षकाच्या रजेसाठी मंत्र्यांना बोलावे लागत असेल, तर अक्कलकोट तालुक्यातल्या बाईंचा अर्ज कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून राहील? तिच्यासाठी मंत्री फोन करणार नाहीत. तिला नियमच लागेल, तोही पाळला जाणारा.

चांगले प्रशिक्षण कसे असते, हे आपल्या शेजारीच दिसले होते. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ साली प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचे काम सुरू झाले. तिथे शिक्षक सुट्टीत एकत्र येऊन आधी स्वतः प्रयोग करत, चुकत, वाद घालत. नंतर दर महिन्याला भेटून वर्गातल्या अडचणी मांडत. २००२ साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला, पण महिन्याच्या बैठकीची कल्पना आजही कुणालाही उचलता येईल. तिला फारसा पैसा लागत नाही.

म्हणून आपल्या मागण्या साध्या असाव्यात. अभ्यासरजेच्या अर्जाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावे. नकार असेल तर कारणासह. प्रशिक्षण तालुक्याच्या गावी, शाळेच्या वेळेत व्हावे आणि तिथे पाळणाघर असावे. शिक्षणसेवक बाईंची पुढच्या शिक्षणाची फी शासनाने भरावी. प्रत्येक तालुक्यात महिन्यातून एकदा विज्ञानाच्या शिक्षक-शिक्षिकांची बैठक व्हावी, आणि विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी तिथे भाषणाऐवजी प्रयोगाला यावे.

आणि आपण काय करायचे? आपापल्या भागातल्या शाळेत जाऊन विज्ञानाच्या बाईंना विचारायचे, तुम्हाला काय शिकायचे आहे आणि आड कोण येते? उत्तर ऑफिसात असेल तर तिच्याबरोबर ऑफिसात जायचे. उत्तर घरात असेल तर घरी जायचे. मारहाणीच्या केसमध्ये आपण उंबरठा ओलांडतो, तसाच इथेही ओलांडायला हवा. ती एकटी शिकली तर पुढच्या वीस वर्षांत शेकडो मुली तिच्या हाताखालून जातील.