गुलालबारातले मूल

२०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला आणि आमच्या आठवीच्या वर्गाला एकाएकी इतिहासाची गोडी लागली. उस्मानपुऱ्यातून आणि आसपासच्या वस्त्यांतून येणारी ही मुले उर्दू माध्यमाची. घरी दख्खनी, वर्गात किताबी उर्दू आणि बाजारात मराठी, अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जातो. चित्रपट पाहून आलेल्या एका मुलाने विचारले, "सर, फिर उनके बेटे का क्या हुआ?" वर्ग गप्प. उत्तर आम्हाला ठाऊक होते; पण ते आम्ही इतिहासाच्या पुस्तकात चार ओळींत वाचले होते. ज्या मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांवर आम्ही स्वतः मराठी शिकलो, त्यांच्यापैकी एकीनेही ते आम्हाला सांगितले नव्हते.

आमची तक्रार याच जागेपासून सुरू होते.

हा मुलगा म्हणजे शाहू. कोल्हापूरचे राजर्षी नव्हेत, साताऱ्याचे थोरले शाहू. जन्म १६८२ चा. १६८९ च्या मार्चमध्ये वडिलांचा वध झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई आणि सात वर्षांचा शाहू मोगलांच्या हाती लागले. सुटका झाली १७०७ च्या मे महिन्यात, वयाच्या पंचविशीत. (सात वर्षांच्या पोराला आम्ही 'तो' म्हणतो, १७०८ मध्ये साताऱ्यास गादीवर बसल्यावर 'ते' म्हणू. बेअदबी समजू नये.) म्हणजे पाटीवर अक्षरे गिरवण्याच्या वयापासून लग्न होईपर्यंतचा सगळा काळ, सतरा-साडेसतरा वर्षे, छत्रपतींच्या या वारसाने औरंगजेबाच्या छावणीत काढला. एवढे मोठे कादंबरीचे द्रव्य समोर पडलेले असताना आमचे कादंबरीकार त्याला वळसा घालून का जातात?

राजपुत्राच्या बालपणाचा आपल्याकडे एक साचाच ठरून गेला आहे. आजी किंवा आई गोष्टी सांगते, मूल लाकडी तलवार उचलते, घोड्यावर मांड टाकते, आणि वयाच्या पाचव्या वर्षी असे बोलते की दरबारी थक्क होतात. बालपण म्हणजे पुढच्या पराक्रमाची रंगीत तालीम. शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ ची, विश्वास पाटलांची 'संभाजी' २००५ ची. बखरकारांनी आणि नाटककारांनी संभाजीराजांची जी बदनामी केली होती, ती धुऊन काढण्याचे मोठे काम या पुस्तकांनी केले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण संभाजीराजांच्या बलिदानाशी गोष्ट पुरी होते. बापाची कादंबरी जिथे संपते तिथेच मुलाची सुरू होते आणि नेमकी तिथेच लेखणी म्यान होते.

याचे कारण विषय अवघड आहे असे कुणी सांगेल. आम्हाला ते पटत नाही. खरे कारण असे की, शाहूचे बालपण लिहायचे तर छावणीत माणसे घालावी लागतात. सैतान घालून भागत नाही. सैतानाच्या तंबूत सात वर्षांचे मूल पंचवीस वर्षांचे होत नाही. त्याला कुणीतरी जेवू घालावे लागते, ताप आला तर हकीम बोलवावा लागतो, कुणीतरी रागे भरावे लागते, कुणाशी तरी त्याचे खेळणे आणि भांडणे व्हावे लागते.

ही माणसे इतिहासात आहेत. पहिली झीनतुन्निसा बेगम, औरंगजेबाची मुलगी. येसूबाई आणि शाहू यांच्यावर तिने माया केली, हे मराठी इतिहासकारांनीही लिहून ठेवले आहे. ही बेगम आम्हा औरंगाबादकरांना परकी असता कामा नये. (शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे, जिभेला जुने वळण आहे, एवढेच.) ती दिलरसबानूची मुलगी, आणि दिलरसबानूची कबर म्हणजे आमचा बीबी का मकबरा. सहलीला मुलांना नेऊन आम्ही दरवर्षी तिथे उभे राहतो, मिनार मोजतो, ताजमहालाशी तुलना करतो आणि परत येतो. या एका आईच्या तीन मुलांची गोष्ट मात्र सांगत नाही. धाकटा अकबर १६८१ मध्ये बापाविरुद्ध बंड करून आश्रयाला आला तो संभाजीराजांकडे. झीनतुन्निसाने त्याच संभाजीराजांच्या मुलाला छावणीत जवळ केले. आणि मकबऱ्याच्या बांधकामाशी ज्याचे नाव जोडले जाते, त्या आझमशहाने १७०७ मध्ये शाहूला सोडले. पाणचक्कीपासून हाकेच्या अंतरावर असलेली ही इमारत मराठ्यांच्या घराण्याशी अशी बांधलेली आहे.

शाहूचे डेरे बादशहाच्या गुलालबारातच असत, म्हणजे शाही डेऱ्यांभोवती उभारलेल्या लाल कनातींच्या कुंपणाच्या आत. १६९५ पासून चारएक वर्षे ही छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला, आजच्या सोलापूर जिल्ह्यात, शहरासारखी वसली होती. तिथे इराणी-तुराणी सरदार होते, तसे बुंदेले आणि राजपूतही होते, मोगलांच्या चाकरीतले मराठेही होते. दलपतराव बुंदेल्याच्या पदरचा भीमसेन सक्सेना हा कायस्थ होता. मोहिमांची हकिगत त्याने फारसीत लिहिली. सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या मातीतले. त्यांनी ही फारसी साधने, दरबारची बातमीपत्रे मराठीत आणली, त्यालाही आता अर्धशतक होत आले. साधने नाहीत ही सबब म्हणून चालण्यासारखी नाही.

इथे कुणी म्हणेल, मास्तर औरंगजेबाची वकिली करू लागले. नाही. तो मुलगा कैदी होता. त्याला सात हजारी मनसब आणि राजा हा किताब मिळाला, पण सोन्याची झाली तरी बेडी ती बेडीच. बाप हालहाल करून मारलेला आणि मारणाऱ्याच्या डेऱ्याशेजारी झोपायचे, याची कल्पना तरी करून पाहावी. १७०३ मध्ये त्याच्यावर धर्म बदलण्याचे दडपण आले. त्याने नकार दिला, आणि त्याच्याऐवजी प्रतापराव गुजरांच्या दोन मुलांनी ते संकट अंगावर घेतले, असे मराठी इतिहासकार लिहितात. दीनमध्ये जबरदस्ती नाही, असे आम्हाला लहानपणापासून शिकवले गेले आहे. बादशहालाही ते शिकवलेच असणार. पुढे याच मुलाला मोकळे सोडून मराठ्यांत फूट पाडायचे बेत झाले, आणि १७०७ ची सुटकाही ताराबाईंशी तो भांडेल या हिशेबानेच झाली. म्हणूनच आम्हाला गोडगोड सद्भावाची कादंबरी नको आहे. बेगमेची माया आणि बादशहाचा डाव एकाच कनातीच्या आत होते. दोन्ही एकाच पानावर मांडण्याची हिंमत हवी आहे.

आणि असे मूल काही एकटे शाहूच नव्हते. ज्या वर्षांत शाहू गुलालबारात होता, त्याच वर्षांत औरंगजेबाची दोन नातवंडे, बंडखोर अकबराचा मुलगा आणि मुलगी, मारवाडात दुर्गादास राठोडाच्या सांभाळात होती. मुलगी आजोबांकडे परत आली तेव्हा तिच्यासाठी कुराण शिकवणारी बाई नेमायला बादशहा निघाला, तो कळले की दुर्गादासाने तशी बाई ठेवून तिला आधीच कुराण शिकवले आहे. त्याही मागे गेलो तर १६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीला निजामशाहीचे एक अल्पवयीन मूल तख्तावर बसवले, त्याला मांडीवर घेऊन कारभार केला, असे सांगतात. १६३६ मध्ये ते मूल मोगलांच्या स्वाधीन करावे लागले. शहाजीराजांच्या कादंबरीत ही मांडी येते. मांडीवरच्या मुलाला मात्र कुणी तोंड दिलेले नाही.

आता थोडे आमच्या घरातले. उर्दू वाचणाऱ्यांनी फार खूश होऊ नये. आमच्या शाळांच्या कपाटांत नसीम हिजाजी अजून आहेत, आणि त्यांचा मुहम्मद बिन कासिम सतरा वर्षांचा असून कधी चुकत नाही, कधी घाबरत नाही. समोरच्या बाजूला माणसे कमी आणि राक्षस जास्त. साचा तोच, फक्त बाजू फिरवलेली. आम्ही लहानपणी त्या कादंबऱ्या चादरीत तोंड घालून रात्रभर वाचल्या आहेत. त्यांनी आमचे किती नुकसान केले ते शिक्षक झाल्यावर कळले.

त्या मुलाच्या प्रश्नानंतर आम्ही वर्गाला निबंधाचा विषय दिला: शाहूचा छावणीतला एक दिवस. अपेक्षेप्रमाणे निम्म्या मुलांनी पळून जाण्याचा बेत लिहिला. दोरखंड, घोडा, अंधारी रात्र, सगळे चित्रपटातले. एकाने लिहिले की शाहू दोस्तांबरोबर अर्ध्या दिवसाचा रोजा धरायचा, जसा त्याच्या गल्लीतला पिंटू धरतो. एका मुलीने दोनच वाक्ये लिहिली होती. रमजानमध्ये सगळी छावणी उपाशी असताना दुपारी शाहूसाठी चूल कोण पेटवत असेल, आणि ती पेटवताना त्याच्या आईला संकोच वाटत असेल का? आम्ही एवढी वर्षे ऐतिहासिक कादंबऱ्या वाचतो आहोत. हा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता, आणि त्या लेखकांनाही सुचलेला दिसत नाही.

त्याच महिन्यात खुलताबादच्या कबरीभोवती पत्रे उभे राहिले आणि पोलीस बसले. १७ मार्चला नागपुरात दंगल झाली. मुलांना घरून ताकीद होती की बसमध्ये, दुकानात इतिहासावर बोलायचे नाही. ज्या कबरीवरून हे चालले होते, तिथे सुटकेनंतर शाहू स्वतः गेल्याचे इतिहासग्रंथांत नमूद आहे. का गेले असतील? मुत्सद्देगिरी, रिवाज, की अठरा वर्षांत जडलेले आणि स्वतःलाही कबूल न होणारे काही? इतिहासकार इथे हात टेकतो, ते त्याला शोभते. कादंबरीकाराला शोभत नाही. त्याला तर अशाच जागेसाठी लेखणी दिलेली असते. पण त्या कबरीपाशी उभ्या असलेल्या तरुणाच्या मनात शिरायचे तर वाचक रागावतील, प्रकाशक कचरेल, मोर्चा येईल. मग सोपे ते लिहावे: लाकडी तलवार आणि थक्क झालेले दरबारी.

आमच्यातल्या मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकांनाही आम्ही यातून सोडत नाही. फारसी-उर्दूचा कान आपल्याला घरात मिळालेला, मराठी आपली लिहिण्याची भाषा. गुलालबारात दोन्ही बोलल्या जात होत्या. तरी आपण आपल्या मोहल्ल्याच्या, तलाकच्या, दंगलीच्या कथा लिहितो आणि सतराव्या शतकाच्या दारात चपला काढून परत फिरतो, कारण तिथे आपल्याला आधीच खलनायकाची जागा नेमून दिलेली आहे.

१७०७ च्या मे महिन्यात भोपाळजवळच्या दोराह्याला शाहू आझमशहाच्या छावणीतून निघाले, ते एकटे. येसूबाई ओलीस म्हणून मागे राहिल्या, आणि दिल्लीहून परत आल्या त्या १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथाबरोबर. झीनतुन्निसा १७२१ मध्ये वारली. निघण्याच्या आदल्या रात्री त्या डेऱ्यात माय-लेकरांचे काय बोलणे झाले, आणि ते कोणत्या भाषेत झाले, ते प्रकरण अजून कोरे आहे. आठवीच्या नव्या वर्गाला यंदा आम्ही तोच विषय दिला आहे.