चव जिभेची, किंमत शब्दांची

बोर्दो परिसरातील सेंत एमिलियाँ येथे तयार होणाऱ्या ‘शातो पावी’ या वाइनच्या २००३ सालच्या उत्पादनावरून पुढील वर्षी मोठे वादळ उठले. अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी या वाइनला जवळजवळ सर्वोच्च गुण दिले. ब्रिटनच्या जान्सिस रॉबिन्सन यांनी मात्र तिला वीसपैकी अवघे १२ गुण दिले. ही वाइन बोर्दोपेक्षा पोर्तुगालच्या गोडसर ‘पोर्ट’शी अधिक नाते सांगते, असा त्यांचा आक्षेप होता. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेची भीषण लाट आली होती आणि द्राक्षे प्रमाणाबाहेर पिकली होती. ती पक्वता एकाला वैभव वाटली, तर दुसऱ्याला दोष. प्रश्न केवळ दोन जाणकारांच्या आवडीनिवडीचा असता, तर त्याची एवढी चर्चा झाली नसती. या शब्दांवर आणि अंकांवर युरोपातील एका मोठ्या बाजारपेठेची गणिते ठरतात, हे त्यामागचे खरे कारण आहे.

बोर्दोमधील विक्रीची पद्धत लक्षात घेतली, की हा मुद्दा स्पष्ट होतो. द्राक्षांच्या तोडणीनंतरच्या वसंत ऋतूत, वाइन ओकच्या पिंपात मुरत असतानाच समीक्षक आणि व्यापारी तिची चव घेतात. त्यानंतर दर जाहीर होतात आणि ग्राहक आगाऊ पैसे मोजतो. बाटली त्याच्या हाती पडते ती बऱ्याच काळानंतर. म्हणजेच या व्यवहारात मालाआधी विकले जाते ते त्याचे वर्णन. पार्कर यांनी १९७८ मध्ये स्वतःचे नियतकालिक सुरू केले आणि पन्नास ते शंभर गुणांची मोजपट्टी रूढ केली. १९८२ च्या बोर्दोची त्यांनी केलेली भलावण अचूक ठरली आणि त्यांचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला. त्यांच्या आवडीला रुचेल अशी गडद, दाट वाइन बनवण्याकडे अनेक उत्पादक वळले, ही टीका त्यातूनच पुढे आली. पार्कर २०१९ मध्ये निवृत्त झाले. गुणांची पद्धत मात्र टिकून आहे.

मग हे वर्णन म्हणजे निव्वळ शब्दांचा फुलोरा आहे काय? तसे म्हणता येणार नाही. ‘सोव्हिन्यों ब्लाँ’ला ढोबळी मिरचीचा वास येतो असे जाणकार म्हणतात, तेव्हा त्यामागे पायराझिन वर्गातील रसायने असतात आणि ती ढोबळ्या मिरचीतही आढळतात. ‘सिरा’ या द्राक्षातील काळ्या मिरीच्या गंधाला रोटंडोन हे संयुग कारणीभूत आहे. व्हॅनिलाचा सुवास ओकच्या लाकडातून उतरतो, तर लोण्याचा गंध किण्वनात तयार होणाऱ्या डायअसिटाइलचा असतो. बुचातील दोषामुळे येणारा ओलसर पुठ्ठ्याचा वास ओळखता आला, तर ग्राहकाचे पैसेही वाचतात. याच जाणिवेतून कॅलिफोर्निया विद्यापीठातील अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये गंधांचे चक्र तयार केले. ‘उमदी’ वा ‘रुबाबदार’ अशी मोघम विशेषणे टाळून लिंबू, लवंग, मध असे पडताळून पाहता येणारे शब्द वापरावेत, हा त्यामागील हेतू होता.

तथापि शब्द खरे असले, तरी ते उच्चारणारा माणूस डोळ्यांनीही चव घेत असतो. बोर्दो येथील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन गंधहीन रंगाने लाल करून दिली. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. ते कसलेले परीक्षक नव्हते, हे खरे. पण रंग नाकाला कसा फसवतो, हे त्यातून दिसलेच. लेबलाचा प्रभावही असाच. पॅरिसमध्ये २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परिअर यांनी लेबले झाकून चाचणी घेतली, तेव्हा नामवंत फ्रेंच परीक्षकांनी लाल आणि पांढऱ्या अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिले स्थान दिले. ज्या प्रतिष्ठेची मुळे १८५५ च्या सरकारी प्रतवारीपर्यंत जातात, तिला हा धक्का होता. त्या प्रतवारीचा आधार चवीपेक्षा त्या वेळचे बाजारभाव हाच अधिक होता, हेही येथे ध्यानात घ्यायला हवे.

या सगळ्याचा अर्थ असा, की चवीचे वर्णन ही साक्ष आहे; निकाल नव्हे. साक्षीदार प्रामाणिक असू शकतो आणि तरीही चुकू शकतो. लेबल झाकून घेतलेली चाचणी, एकाहून अधिक परीक्षक आणि समीक्षकाचा स्वतःचा कल उघड असणे, हे त्यावरचे उपाय आहेत. अंक नेमका हा कलच झाकून टाकतो. पावीच्या वादात वाचकाला उपयोग झाला तो गुणांचा नव्हे, तर ही वाइन ‘पोर्ट’सारखी लागते या एका वाक्याचा. ते वाचून एकाने ती टाळली असेल, तर दुसऱ्याने आवर्जून मागवली असेल. दोघांचाही निर्णय योग्यच.

भारतीय ग्राहकालाही हा विषय परका राहिलेला नाही. युरोपीय संघाशी २००७ पासून चाललेल्या व्यापारविषयक वाटाघाटींत वाइनवरील १५० टक्के आयात शुल्क हा कळीचा मुद्दा होता. नाशिकच्या द्राक्षमळ्यांत चव घेण्याचे धडे दिले जातात, तेव्हा त्यातील शब्दही बहुधा युरोपातून आलेले असतात. ज्याने ‘ब्लॅककरंट’ कधी चाखलेच नाही, त्याला त्या शब्दातून काय कळणार? जांभळाची तुरटी, पेरूचा दरवळ वा चिंचेचा आंबटपणा हे शब्द त्याच्या जिभेला अधिक प्रामाणिक वाटतील. उसन्या शब्दांनी भारावून जाण्याऐवजी आपल्या अनुभवाचे शब्द शोधले, तर चवीची आणि किंमतीची गल्लत निदान काही अंशी टळेल.